जत तालुक्यातील कारवानी ब्रीडर : कुत्री चोख, कागद सावकाश

जतहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका वस्तीवर राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाकडून आम्ही मागील हिवाळ्यात कारवानी जातीचे एक मादी पिल्लू घेतले. त्या कुटुंबाची कुत्री सांभाळण्याची पद्धत, विक्रीचा व्यवहार आणि विक्रीनंतरची वागणूक यांचे हे परीक्षण आहे. कुटुंबाचे नाव व गाव येथे दिलेले नाही, कारण ते दुकान नसून राहते घर आहे आणि न कळवता दारात येऊन उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ते आधीच कंटाळलेले आहेत. जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या पट्ट्यात कारवानी पाळणारी इतरही घरे आहेत. त्यांपैकी कोणाच्याही दारात पिल्लासाठी जाणाऱ्याला या एका घराचे वर्णन पडताळ्यासाठी उपयोगी पडेल. आमचे मत आधीच सांगून टाकतो : जनावरांच्या बाबतीत पूर्ण समाधान, कागदपत्रांच्या बाबतीत अर्धे आणि आहाराच्या सल्ल्याच्या बाबतीत असमाधान.

आमचे घर विट्याच्या बाहेर, शेतात आहे. आवाराला भिंत आहे, धावायला जागा आहे आणि उन्हाळ्यात दुपारचे तापमान चाळिशीला टेकते. मुलांची मागणी लॅब्राडोरची होती आणि भाच्याची सायबेरियन हस्कीची. हस्कीचा विचार पहिल्या बोलण्यातच बाद झाला. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडवलेले, दुहेरी केसांचे जनावर खानापूर तालुक्यात आणून दिवसभर कूलरसमोर बसवणे हा शौक नव्हे, छळ आहे. (तरीही आपल्याकडे हस्कीची पिल्ले विकली जातात आणि घेतलीही जातात.) कारवानी हे दख्खनच्या कोरड्या माळावर घडलेले शिकारी कुत्रे. उंच, सडपातळ, लांबट व अरुंद डोक्याचे, खोल छातीचे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि मादी ६४ ते ६८ सेंटिमीटर. वासावर माग काढण्यापेक्षा नजरेने सावज धरून पळणारी ही जात आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅराव्हान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून; त्यामुळे कागद हातात आला की तो कोणत्या क्लबचा आहे हे आधी पाहावे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींविषयी बोलताना मुधोळचे नाव घेतले. आमच्या ब्रीडरचे म्हणणे असे, की फोन वाढले ते त्या दिवसानंतर. मागणी वाढल्यावर पुढे जे व्हायचे तेही झाले आणि बारीक पोटाचे, लांब पायांचे कोणतेही पिल्लू कारवानी म्हणून खपू लागले.

जतपर्यंत पोहोचण्यापूर्वी सांगली, मिरज आणि साताऱ्यातील काही विक्रेत्यांकडे आम्ही चौकशी केली होती. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते : ‘पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं झालंय, घेऊन जावा.’ दीड महिना हे वय जणू दर्जाची खूण असल्याप्रमाणे सांगितले जाते. प्रत्यक्षात श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतील पिल्लू विकताच येत नाही. हा ११ दिवसांचा फरक किरकोळ वाटतो, पण विक्रेत्याचा सगळा हिशेब त्याच दिवसांत असतो. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की आईचे दूध हळूहळू तुटू लागते आणि त्याच्या खाण्याचा खर्च पाळणाऱ्याच्या अंगावर येतो. ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस द्यावी लागते. आणि याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती उतरणीला लागल्याने पार्वो व डिस्टेंपर या दोन्ही रोगांचा धोका वाढतो. पंचेचाळिसाव्या दिवशी पिल्लू गेले की खाणे, लस आणि दगावण्याचा धोका ही तिन्ही ओझी गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचतात. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात. त्यामुळे विकताना उड्या मारणारे पिल्लू चार दिवसांनी उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी आडवे पडते आणि विक्रेता सांगतो, ‘आमच्याकडं होतं तवर ठणठणीत होतं.’ तो दर वेळी खोटेच बोलत असतो असेही नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही. याखेरीज, खेळताना दात किती रोवायचे हे पिल्लू भावंडांकडून आणि आईकडून शिकते. लवकर तोडलेल्या पिल्लाला ते शिकवण्याचे काम मग घरातल्या लहान मुलांच्या हातांवर येते.

मिरजेतील एका मध्यस्थाने पिल्लांची आई ‘गावाकडं’ असल्याचे सांगितले. कोणत्या गावाकडे, याचे उत्तर मिळाले नाही. साताऱ्यात एका ठिकाणी आई म्हणून एक लॅब्राडोर मादी पुढे केली गेली, पण तिच्या सडांना दूध उतरल्याची काहीही खूण नव्हती आणि पिल्लेही तिच्याकडे गेली नाहीत. आणखी एका ठिकाणी एकाच पिंजऱ्यात पग, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि शिट्झू अशी वेगवेगळ्या घरांतून आलेली पिल्ले होती. अशा माणसाला व्यापारी म्हणावे, ब्रीडर नव्हे. त्याच्याकडे पिल्लाच्या आईवडिलांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर असण्याचे कारणच नाही. ‘पेपरसह’ आणि ‘पेपरशिवाय’ असे दोन भाव तर जवळजवळ सर्वत्र ऐकू आले. एकाच वेतातील दोन पिल्लांना असे दोन भाव कसे असू शकतात, हे समजून घेण्यासारखे आहे. आईवडील नोंदणीकृत असतील आणि वेताची नोंद झाली असेल, तर प्रत्येक पिल्लाला कागद मिळतो आणि त्याचे शुल्क विक्रेते मागतात त्या फरकाच्या मानाने फारच थोडे असते. तेव्हा हजारोंचा फरक सांगणारा माणूस एक तर कागदाचा धंदा करतो, किंवा दुसऱ्याच कुत्र्याचा कागद या पिल्लाला चिकटवणार असतो.

लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड घेणाऱ्यांसाठी एवढेच, की या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून पूर्ण वाढ झालेल्या आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहण्यास मागावेत. आमच्या चौकशीत हा प्रश्न विचारल्यावर एका विक्रेत्याने ‘इथं कुठं सोय आहे?’ असे उत्तर दिले. सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे त्याला ठाऊक नसावे. कारवानीसारख्या सडपातळ धावत्या जातींत हा दोष क्वचित असतो, त्यामुळे जतमध्ये एक्स-रे नसल्याचे आम्ही वावगे मानले नाही. कोणत्या जातीला कोणता दोष असतो हे आधी माहीत करून घेऊन तेवढेच विचारावे. सगळ्या जातींना एकच यादी लावण्यात अर्थ नसतो.

आता मूळ घराकडे. घरातील कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. फाटकाशी पोहोचल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न होता : ‘आज दुसरीकडं कुठं कुत्री बघून आलाय का?’ आम्ही थेट घरून आलो होतो, म्हणून आत घेतले. नसता त्यांनी परत पाठवले असते आणि तसे त्यांनी दुसऱ्या एका कुटुंबाला पाठवल्याचे नंतर समजले. चपला बाहेर काढायला लावल्या आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून आत यायला सांगितले. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि तो चपलांच्या तळव्यांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. साध्या फिनाईलने तो जात नाही, ब्लीचने जातो. एवढे जाणणारा आणि पाहुण्यांचा रुसवा सोसून ते पाळणारा माणूस आम्हाला संपूर्ण शोधात हाच भेटला. आमच्या दृष्टीने निम्मा निर्णय त्या घमेल्यापाशीच झाला होता.

आत मोठी कुत्री मोजकीच होती. दिवसा ती भिंतीच्या आवारात मोकळी असतात, रात्री शेताकडे सोडली जातात. पिल्लांची खोली वेगळी, शहाबादी फरशीची, उतार दिलेली आणि कोरडी होती. पोत्यांचे अंथरूण धुतलेले होते आणि खोलीला वास नव्हता. पिल्लांची आई चार वर्षांची, हे तिचे तिसरे वेत. तिने पुढे येऊन अंगावर उड्या मारल्या नाहीत, शेपूटही फार हलवली नाही. थोड्या अंतरावर उभी राहून तिने आम्हाला पाहून घेतले, मग जवळ येऊन हात हुंगला आणि पिल्लांजवळ जाऊन बसली. कारवानीकडून याहून अधिक स्वागताची अपेक्षा ठेवू नये. ही जात परक्याशी सलगी करत नाही, आणि ज्याला दारात येणाऱ्या प्रत्येकाचे हात चाटणारे कुत्रे हवे आहे त्याने दुसरी जात पाहावी. मात्र अलिप्तपणा आणि भीती यांत फरक आहे. कोपऱ्यात दबून बसणारी, शेपूट पोटाखाली घेणारी किंवा पाहुण्याला पाहताच दात दाखवणारी आई असेल, तर पिल्ले कितीही देखणी असली तरी परत फिरावे, कारण आईचा स्वभाव पिल्लांत रक्ताने जातो आणि तिच्याजवळ राहून ती तो शिकतातही. आईच्या बरगड्या दिसत होत्या, पण या जातीत त्या दिसतातच. केस तुळतुळीत होते, डोळे स्वच्छ होते आणि सडांना दूध होते. पिल्लांची पोटे जंतांनी फुगलेली नव्हती, कानात गोचीड नव्हते आणि आम्ही टाळी वाजवल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या.

त्यानंतर बसायला घोंगडे टाकले गेले, चहा आला आणि आमचीच चौकशी सुरू झाली. भिंत किती फुटांची आहे, फाटक बंद राहते का, घरात दिवसभर कोण असते, शेजारी मेंढरे आहेत का, आधीचे कुत्रे कशाने गेले, पशुवैद्य किती अंतरावर आहे. ‘भिंत सहा फुटी न्हाई म्हंजे ही उडी मारून जाणार बघा,’ अण्णा म्हणाले. ‘आणि साखळीला बांधणार असाल तर आत्ताच सांगा, मी देत न्हाई. हे कुत्रं साखळीवर राहत न्हाई, बिघडतं.’ काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या बायकोला वेगळे विचारले, की घरात कुत्रे हवे आहे ते कोणाला, आणि खायला कोण घालणार. माझ्या मते या चौकशीतला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. पैशांचा विषय या सगळ्यानंतर निघाला. शेवटी त्यांनी एक अट घातली : पुढे कोणत्याही कारणाने कुत्रे नको झाले, तर ते रस्त्यावर सोडायचे नाही किंवा दुसऱ्याला द्यायचे नाही, त्यांना आणून द्यायचे, पैसे परत मिळणार नाहीत. ही अट आम्ही आनंदाने मान्य केली. अन्य कोणत्याही विक्रेत्याने आम्हाला कुत्रे परत आणून द्या असे सांगितले नव्हते.

नोंदींची वही दोनशे पानी, शाळेची. तीत प्रत्येक मादीचा माज केव्हा आला, जोड कोणत्या नराशी व कोणत्या तारखेला लावली, ती केव्हा व्याली, पिल्ले किती झाली आणि किती गेली, हे लिहिलेले आहे. आमच्या वेतातील एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेल्याची नोंद वहीत होती आणि आम्ही न विचारता त्यांनी ती दाखवली. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. जोडीची आणि व्याल्याची तारीख यांतले अंतर मोजले की वही नंतर बसून लिहिली आहे की वेळच्या वेळी, याचा अंदाज येतो. येथे ते अंतर जुळले. २०१७ च्या नियमांप्रमाणे मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून वेत घेता येत नाही, आयुष्यात ५ पेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत आणि ८ वर्षांनंतर तिला थांबवावे लागते. आमच्या पिल्लाच्या आईची पहिली जोड दोन वर्षे पूर्ण झाल्यावरची होती. याच नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करून प्रमाणपत्र दिसेल असे लावणे आवश्यक आहे. अण्णांकडे ते आहे, पण ओसरीवरच्या देवांच्या तसबिरींच्या रांगेत असल्यामुळे विचारल्याशिवाय दिसत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पिल्लांच्या बापाविषयी. नर अण्णांचा नव्हता, आटपाडीकडच्या एका पाळणाऱ्याचा होता. आपल्या भागात यात्रांमध्ये कुत्र्यांच्या शर्यती होतात आणि शर्यतीत पुढे राहण्यासाठी काही जण कारवानीत ग्रेहाउंडचे रक्त मिसळतात. असे पिल्लू लहानपणी ओळखणे फार कठीण. मोठे झाल्यावर मांड्या भरतात, छाती रुंद होते आणि कान डोक्यालगत लोंबण्याऐवजी मागे दुमडलेले राहतात. संकरित कुत्रे वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पण शुद्ध जातीचे म्हणून पैसे मोजताना आणि पुढे त्या जातीच्या नोंदवहीत नाव जाताना मिश्रण लपवणे ही फसवणूक आहे, आणि आधीच मोजक्या घरांत उरलेल्या एका देशी जातीचे त्यात नुकसान आहे. अण्णांना आम्ही हे स्पष्ट विचारले. त्यांना राग आला नाही. नराच्या मालकाचा नंबर दिला, ‘जाऊन बघून या, मग ठरवा’ म्हणाले, आणि आम्ही पाहून आलो. नर शर्यतीत पळणाराच होता, पण डोके अरुंद, कान पडलेले, मांड्या सपाट. त्याचे केनेल क्लबचे प्रमाणपत्रही होते. माझी एक तक्रार राहते : नराची माहिती आणि त्याच्या प्रमाणपत्राची प्रत अण्णांकडेच असायला हवी होती. प्रत्येक गिऱ्हाईक आटपाडीपर्यंत जाणार नाही, आणि अण्णांना स्वतःला खात्री असली तरी ती खात्री इतरांना दाखवता आली पाहिजे.

कागदांची बाजू याच धाटणीची आहे. पिल्लाची किंमत १२,००० रुपये ठरली, त्यात मायक्रोचिप, नोंदणी आणि पहिली लस धरलेली होती; पेपरसह-पेपरशिवाय असा भेद नव्हता. मायक्रोचिप कातडीखाली, दोन खांद्यांच्या मध्ये टोचलेली असते आणि तिच्यावरचा १५ अंकी क्रमांक स्कॅनरने वाचता येतो. सांगलीच्या पशुवैद्यांनी ती वाचली तेव्हा क्रमांक जुळला, पण अण्णांनी लसीच्या कार्डावर हाताने लिहिताना त्यातले दोन अंक उलटसुलट केले होते. फोनवर सांगताच त्यांनी नवे कार्ड पाठवले. चेन्नईला मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर पिल्लाचे, आईवडिलांचे आणि ब्रीडरचे नाव आणि चिपचा क्रमांक असतो. पिल्लू आधी ब्रीडरच्या नावावर आणि मग हस्तांतराच्या अर्जाने आपल्या नावावर येते. हा अर्ज अण्णांच्या सहीसाठी कित्येक आठवडे पडून राहिला. मुलगा पुण्याहून आल्याशिवाय त्यांच्या घरी संगणकाचे काम होत नाही, हे कारण खरे असले तरी गिऱ्हाइकाने किती काळ थांबावे यालाही मर्यादा आहे. पावतीही मागितल्यावर मिळाली, साध्या कागदावर. मात्र त्या कागदावर त्यांनी काहीही खळखळ न करता एक ओळ लिहून दिली, की ७ दिवसांच्या आत पशुवैद्याने पार्वो किंवा डिस्टेंपरचे निदान केल्यास पूर्ण रक्कम परत. अशी ओळ प्रत्येकाने लिहून घ्यावी. तिला नकार देणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, इतके आम्ही आधीच ठरवले होते.

क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत शहरातील खरेदीदार सर्रास करतात. म्हणून पिल्लू घरी आणण्यापूर्वी वाटेतच पशुवैद्यांकडे नेले. हृदयाचे ठोके, टाळू, बेंबी, दोन्ही डोळे, विष्ठेची तपासणी असे सगळे पाहून त्यांनी पिल्लू निरोगी असल्याचे लिहून दिले. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दिल्याच्या नोंदी कार्डावर होत्या. लसीच्या कुपीचे चिकटपट्टीचे लेबलही कार्डावर लावलेले होते, नुसती तारीख आणि सही नव्हती. लेबल नसेल तर लस खरोखर दिली की नाही, हे सांगायला कोणताही आधार राहत नाही. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, असे वेळापत्रक पशुवैद्यांनी दिले. तोपर्यंत पिल्लाला रस्त्यावर आणि इतर कुत्र्यांत न नेण्याची ताकीद अण्णांचीही होती आणि डॉक्टरांचीही.

या दोघांचे एकमत झाले नाही ते खाण्यावर. अण्णांचा तक्ता परंपरागत आहे : ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, सोबत गाईचे दूध, आठवड्यातून दोनदा कलेजी किंवा अंडी. मोठ्या, माळावर फिरणाऱ्या कुत्र्याला हे भागत असेल. वाढत्या पिल्लाला त्यात प्रथिने कमी पडतात आणि गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. आमच्या पिल्लालाही झाले. पशुवैद्यांनी दूध बंद करून अंडी, उकडलेले चिकन आणि पिल्लांचे तयार खाद्य सुचवले आणि दोन दिवसांत पोट ठीक झाले. अण्णांना हे कळवले तर ‘आमची पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवरच वाढली’ हे उत्तर मिळाले. या विषयात त्यांचे ऐकू नये, एवढेच म्हणतो. उलट भुलीच्या बाबतीत त्यांचा सल्ला अचूक निघाला. ‘उद्या नसबंदी करायची झाली तर डॉक्टरला आधी सांगा, हे बारीक अंगाचं कुत्रं आहे, भूल जपून द्या,’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. कारवानीच्या अंगावर चरबी अगदी कमी असल्याने भुलीची काही औषधे शरीरातून लवकर उतरत नाहीत. हे पशुवैद्यकीय शास्त्रातही मान्य आहे आणि अण्णांना ते अनुभवाने ठाऊक आहे. विक्रीनंतर पहिल्या महिन्यात त्यांनी आपणहून फोन केले, वजन विचारले, फोटो मागवले. नातेवाइकांचा मात्र अजूनही एकच प्रश्न असतो, की तुम्ही तिला उपाशी ठेवता का.

कोणी या घरी जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, दिवसभर घर बंद असणाऱ्यांनी आणि कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्यांनी जाऊ नये. सशाच्या शिकारीसाठी कुत्रे हवे असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा ठरवलेली आहे, आणि मोबाइलवर शिकारीच्या चित्रफिती दाखवून पिल्लाचा भाव वाढवणारे विक्रेते या पट्ट्यात आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. अण्णांनी तशी चित्रफीत आम्हाला दाखवली नाही आणि आमच्यासमोर आलेल्या एका तरुणाने ‘ससा धरतंय का?’ असे विचारल्यावर त्याला पिल्लांची खोलीही दाखवली नाही.

ज्यांना घाई नाही, त्यांना हे घर मी सुचवीन. वर्षाकाठी एक किंवा दोन वेते होतात आणि पिल्ले जन्मण्याआधी ते कोणाकडूनही आगाऊ रक्कम घेत नाहीत. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की यादीतल्या लोकांना बोलावतात, २,००० रुपये घेतात आणि ८ आठवडे पूर्ण झाल्यावरच पिल्लू हाती देतात. कोणते पिल्लू कोणाला जाणार हे बहुतेक वेळा तेच ठरवतात, रंगावरून निवड करू देत नाहीत. आम्हाला काळे हवे होते, मिळाले ते फिकट बदामी. दांडगे काळे पिल्लू त्यांनी मेंढपाळाच्या घरी दिले आणि लहान मुले आहेत म्हणून आम्हाला शांत मादी दिली. जाण्यापूर्वी फोन करावा, तोही संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा ते डाळिंबाच्या बागेत असतात. हस्तांतराचा अर्ज आपणच भरून, छापून सोबत न्यावा आणि पिल्लू गाडीत ठेवण्याआधी त्यावर सही घ्यावी.